सुळगेकरांची जोडी

२९ मार्च २०२०, रविवार

लिही. वर देवाचं नाव घालू नको. तो बिचारा सध्या स्वतःच कुलपात आहे. गल्लीचं लिही. आमची वडगावची गल्ली मुकी झाली आहे. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी इथं साड्या विणणाऱ्या मागांचा खडखडाट ऐकतेय. तो थांबला तेव्हा पहिल्यांदाच कळलं, की शेजारची गुणाबाई घोरते. दुपारीसुद्धा.

ही डायरी सुताच्या व्यापाऱ्यानं नव्या वर्षाला दिलेली. वर लक्ष्मी, आत सगळं कोरं. आमच्याकडे येणारी लक्ष्मी अशीच असते. मला अक्षर येत नाही. मी बोलते, सून लिहिते. सुनेच्याच हातानं सुनेच्या चुगल्या लिहून घेणारी सासू जगात मी एकटीच असेन. ती दहावी पास आहे. मी 'न्हाय' म्हटलं की ती 'नाही' लिहिते, 'येतो' म्हटलं की 'येते' लिहिते. माझं बोलणं धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवते. ठेवू दे. पण कुणी कुणाला तोंडावर बोललेल्या शब्दाला हात लावायचा नाही, मी बोललेल्यालासुद्धा, असं बजावलंय.

घरात आम्ही पाच. मी चंपाबाई सुळगेकर. मुलगा शिवराज, हायवेवरच्या एका हॉटेलात आचारी. हॉटेल बंद म्हणून घरात. नात राणी, आता आठवीत जाईल. नातू आदर्श, दुसरीत जाईल, म्हणजे घरातला खरा मालक तोच. आणि सून सुवर्णा, जी आत्ता स्वतःचं नाव लिहिताना हसतेय.

सुवर्णा माग चालवते. हे मोठ्या अक्षरात लिही.

आमच्यात बायकांनी कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे धोट्यात, मागात इकडून तिकडे पळणाऱ्या लाकडी नावेत, बसणारी सुताची नळी. ती बाईनं घरी चरख्यावर भरायची आणि पुरुषानं कारखान्यात मागावर रिकामी करायची. माझा जन्म भरण्यात गेला. आमच्या ह्यांनी विणलेल्या प्रत्येक साडीचं आडवं सूत माझ्या बोटातून गेलेलं, पण साडी विणली कुणी म्हणाल तर ह्यांनी.

आमच्या मालकांच्या कारखान्यात मागांना नंबर नाहीत, घरांची नावं आहेत. एका विणकराकडे दोन माग, ती त्या घराची जोडी. कोपऱ्यातली ती सुळगेकरांची जोडी. हे गेले. शिवराज लहानपणापासून मागाच्या आवाजानं कान झाकायचा, तो हॉटेलात गेलेला. जोडी दुसऱ्या घरात जायची वेळ आली. तेव्हा जुने मालक अंबाजीशेठ म्हणाले, "जोडी घराची हाय. घरातलं जे कोण उभं ऱ्हाईल त्याला उभं ऱ्हाऊ दे." सुवर्णा पुढं झाली. शेठजी बघतच राहिले, पण बोललेला शब्द गिळायचा कसा? मष्णू जॉबर मागांची दुरुस्ती करतो, त्यानं तिला शिकवलं, आणि ही शिकली.

खंडेनवमीला जो माग चालवतो त्यानं मागापुढं नारळ फोडायचा. बाईनं नारळ फोडू नये म्हणतात. गल्ली दारात उभी होती. हिनं एका दणक्यात फोडला. मी तोंडानं म्हटलं, "हळू गं, माग फुटंल." मनात काय म्हटलं ते लिहायचं नाही.

१६ एप्रिल २०२०, गुरुवार

सुवर्णाच्या हातांना बसवत नाही. आज तिनं गोधडीचे टाके उसवले आणि पुन्हा घातले. मधेच उठून कारखान्याच्या खिडकीतून मागावरचं उभं सूत, म्हणजे ताणा, बघून आली आणि मला म्हणाली,

"आत्ती, ताण्यावर धूळ बसलीया."

म्हटलं, "समोर नवरा बसलाय त्याच्यावर पन बसलीया. ती झटक आधी."

शिवराज हसला नाही. हॉटेलचा मालक फोन उचलत नाही.

८ मे २०२०, शुक्रवार

एक गंमत लिही. आमचा शिवराज दोनशे माणसांचं जेवण एकटा करतो. त्याच्या सांबाराला धारवाडहून माणसं थांबतात म्हणे. पण घरात आल्यापासून त्यानं चहासुद्धा ठेवला नाही. आज सुवर्णाचं डोकं दुखत होतं. म्हटलं, "अरं, तू आचारी न्हवं? चढव की भात."

"आई, ते हॉटेलातलं काम. घरातलं मला जमत न्हाय."

म्हणजे चुलीला पगार फुटला की ती पुरुषाची होते, आणि पगार नसला की तीच चूल बाईची. एवढं मला कळलं. सुवर्णानं पदर डोक्याला घट्ट बांधला आणि भात चढवला.

८ जून २०२०, सोमवार

आज माग सुरू झाले. सकाळी पहिला खडखडाट ऐकला आणि सुवर्णाच्या हातातलं पातेलं पडलं. केस बांधले, तुकड्याचा शिवलेला मास्क लावला, डबा घेतला, गेली. माझी भाकरी निवायच्या आत परत आली. डबा भरलेलाच.

अंबाजीशेठ आता घरातच असतात, उठबस होत नाही. कारभार मुलाकडे, विक्रमशेठकडे. तो काय म्हणाला, ते तिनं जसंच्या तसं सांगितलं: "वैनी, निम्मेच माग चालू करायलोय. लग्नं बंद, साडीला उठाव न्हाय. आदी गड्यास्नी बघतो. तुमची पोरं घरात, शाळा बंद. मधीच उठून जायाची पाळी आली तर माग कोण बघणार? शाळा सुरू झाल्या की बघू."

मी विचारलं, "का गं, गड्यांस्नी पोरं न्हाईत?"

"त्यांच्या बायका हायत की, आत्ती."

"आणि तुला नवरा न्हाय?"

शिवराज मोबाइलमध्ये बघत बसला होता. मोबाइल बंद होता, मला सुद्धा दिसत होतं.

दिवसभर सुवर्णा कान देऊन काम करत होती. संध्याकाळी म्हणाली, "आपली जोडी चालू न्हाय. कोपरा गप हाय." कारखाना आमच्यापासून चार दारांवर. इतक्या खडखडाटात कुठला माग बोलतोय आणि कुठला नाही, हे तिला कळतं. माझ्या कानाला तो सगळा एकच पाऊस.

१४ जुलै २०२०, मंगळवार

शाळा मोबाइलमध्ये आली. घरात मोबाइल एक, शाळा दोन, दोन्ही एकाच वेळी. आदर्शची टीचर गाणं म्हणते आणि हा तिला जीभ दाखवतो. कुणीतरी शेजारी बसलं पाहिजे. ते कुणीतरी म्हणजे सुवर्णा. तिकडे राणीचं गणित चुकतं.

शिवराजला म्हटलं, "पोराजवळ जरा बस की."

"मला त्यातलं काय कळतंय?"

दुसरीतलं! बाई दहावी शिकते ती पोरांना शिकवायला, आणि पुरुष आठवी शिकतो ती विसरायला. हे लिही. लिहिलंस? बरं, आता खोड, त्याच्या हाताला लागलं तर. नको, राहू दे.

राणीनं मोबाइल भावाला देऊन टाकला. "त्याचं चुकलं तर आई वरडती, माझं चुकलं तर कोन बघतंय?" म्हणाली. मग गंमत म्हणून माझ्या जुन्या चरख्यावर बसली. बघता बघता कांडी भरली की. सूत एकसारखं, कुठं फुगा नाही. रक्तातच आहे. मी शाबासकी दिली.

सुवर्णानं चरखा उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

१९ ऑगस्ट २०२०, बुधवार

आज मी जिंकून आले. सुवर्णा, वळणदार अक्षरात लिही.

काठी घेतली, तोंडाला पदर बांधला आणि कुणाला न सांगता कारखान्यात गेले. मला बघून विक्रमशेठ खुर्चीतून उठला. उठणारच. मी त्याला लंगोटात बघितलंय.

"आज्जी, तुम्ही कशाला बाहीर पडला? वय काय, रोग कसला!"

"रोगाला म्हटलं, थांब जरा, मला काम हाय. त्यो कोपरा बघ. कुणाची जोडी?"

"सुळगेकरांची."

"मग फडकं टाकून का ठिवलाईस? तुझ्या बापाचा शब्द काय हाय? जोडी घराची. घरात मानूस असताना घराची जोडी बंद ठिवायची न्हाय. घराची जोडी घरात ऱ्हाऊ दे, एवढंच मागाय आलोय."

तो कान खाजवत विचारात पडला. गणपती आलेत, थोडी मागणी आहे, दोन माग काढायचेच होते म्हणाला. मग विचारलं, "शिवराज घरातच असतोय न्हवं आता?"

म्हटलं, "व्हय. हॉटेल कायमचं बंद झालं. बसून असतोय दिवसभर."

"मग झालं की! बापाचा शब्द मी मोडत न्हाय, आज्जी. सोमवारी धाडून द्या."

पोरगं धोरणी आहे. आधी चौकशी केली, पोरांकडे बघायला बाप घरात आहे का. खात्री झाली, मगच हो म्हणाला.

पेन का थांबलं गं? शाई संपली?

"कुणाला धाडून द्या म्हणले, आत्ती?" असं विचारतेय. कुणाला म्हणजे? खुळी. आनंदानं माणसाचं डोकं चालायचं बंद होतं. येताना खव्याचा कुंदा आणला. पोरांनी बोटं चाटली. हिचा वाटा अजून कागदातच आहे.

२४ ऑगस्ट २०२०, सोमवार

आज थोडकंच लिही.

सुवर्णा केस बांधून, डबा भरून तयार होती. मष्णू जॉबर दारात आला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "शिवराज, चल रं. मालकांनी बोलिवलंय."

"मला? मला माग कुठं येतोय?"

"शिकशील की. घरात मास्तरीण हाय."

आदर्श तेवढा म्हणाला, "पप्पा, तुमी कान झाकणार काय?" सुवर्णानं हातातला डबा शिवराजच्या हातात दिला. तिच्या मापाचा डबा. त्याला पुरला नसेल.

मी मागून म्हटलं, असू दे. जोडी घरात तर आली. घर काय वेगवेगळं आहे? सुवर्णा म्हणाली, "व्हय, आत्ती."

इथं तिनं तेच लिहिलंय का दुसरं काय, ते बघायला मला वाचता येत नाही.

६ सप्टेंबर २०२०, रविवार

घरात शाळा भरते. खाटेच्या दोन्ही बाजूंना सुतं ताणून सुवर्णानं ताणा केलाय. एकेक तार तोडते आणि शिवराजला गाठ मारायला लावते. विणकराची गाठ बारीक पाहिजे, मागाच्या फणीच्या दातांतून सरकली पाहिजे. डोळे मिटून कांदा चिरणारा माणूस, पण गाठ मारतो ती जनावराच्या दाव्याची.

"तर्जनीनं दाबा. अंगठा मागं. ओढू नगासा, ती आपनहून बसती."

"बसत न्हाय गं."

"बसंल. पुना."

तिनं एकदाही आवाज चढवला नाही. मला वाटत होतं, चढवावा. मी बायकोला शिव्या देणारे नवरे बघितले, नवऱ्याला शिव्या देणाऱ्या बायका बघितल्या. पण आपल्या हातातलं काम दुसऱ्याच्या हातात असं एकेक बोट धरून घालणारी बाई मी पहिल्यांदा बघतेय. शेवटी त्याची गाठ बसली. तो एवढा खूश झाला की तिच्याकडे बघून हसला. ती पण हसली. मग पाणी आणते म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. माठ इथंच, माझ्या शेजारी होता.

९ ऑक्टोबर २०२०, शुक्रवार

शिवराज कानात कापूस घालून जातो. संध्याकाळी येतो तेव्हा आम्ही बोललेलं त्याला ऐकू येत नाही. मोठ्यानं बोललं तर दचकतो. त्याला ते काम आवडत नाही, हे आईला सांगायला लागत नाही. पण घरात दाणे कुठून येतात हे त्याला माहीत आहे, म्हणून जातो. त्याला वाईट लिहू नको. जिथं वाईट आहे तिथं लिही.

त्याच्या साड्यांत फटी पडतात. त्या घडी करून, पिशवीत घालून तो घरी आणतो. सुवर्णा सुईनं एकेक तार भरून काढते. परत जातात तेव्हा मालक म्हणतो, शिवराजचा हात सुधारला.

आता ती कांड्या पण भरते, त्याच जोडीसाठी. मी या चरख्यावर, ती त्या चरख्यावर, समोरासमोर. भरता भरता तिचा हात थांबतो. "डावा बंद पडला," म्हणते. "धोटा अडकला असंल." अर्धी उठते. हात पदराला पुसते. मग माग पुन्हा बोलायला लागतो आणि ती खाली बसते. दिवसातून किती वेळा हे होतं ते मी मोजत नाही.

मी म्हटलं, "बघून ये की जाऊन."

"गडी हसतील त्यांस्नी."

२५ ऑक्टोबर २०२०, रविवार, खंडेनवमी

सकाळी शिवराज म्हणाला, "तूच चल. तूच फोड नारळ. मी सांगतो मालकाला."

सुवर्णा म्हणाली, "माग तुमी चालवताय." मग जरा थांबून, "येतो. ताट घिऊन येतो."

मीही गेले. माग धुतलेले, झेंडू बांधलेले, ऊस टेकवलेले. पुरुष आपापल्या मागापुढे, बायका दाराशी ताटं धरून. मागच्या वर्षी या वेळी सुवर्णा त्या बाजूला होती. मधे तीन पावलांची जागा, आणि यंदा ती आमच्यात उभी होती. गुणाबाईनं माझ्या कानात विचारलं, "सुवर्णा औंदा हिकडं गं?" म्हटलं, "तुझं घोरणं ऐकाय आलीया, तिकडनं नीट ऐकू येत न्हवतं." गुणाबाई रुसली. रुसू दे.

शिवराजनं नारळ उचलला. पहिला दणका चुकला. दुसरा पण. कुणीतरी हसलं. तेव्हा मी सुवर्णाकडे बघितलं. तिच्या डाव्या हातावर ताट होतं, आणि उजवा हात आपोआप वर गेलेला, मूठ वळलेली. तिला कळलं नाही. मला कळलं. तिसऱ्या दणक्याला नारळ फुटला आणि तिची मूठ सुटली.

अर्धी कवड घरी आली. आदर्शनं खोबरं खाल्लं. मी तुकडा तोंडात घातला आणि काढून ठेवला. दात नाहीत म्हणून, असं पोरांना सांगितलं.

१० नोव्हेंबर २०२१, बुधवार

डायरी मागच्या वर्षीच संपायची होती. पानं उरली, म्हणून तारीख खोडून लिहितोय. मधे दुसरी लाट येऊन गेली. गल्लीतली दोन माणसं नेली. पुन्हा मुकी गल्ली, पुन्हा खडखडाट. मला बोलायचं नव्हतं आणि हिला वेळ नव्हता.

दिवाळी झाली. आदर्शची शाळा आता भरली. मास्क हनुवटीवर लावून, दप्तर उडवत गेला. राणी नववीत आहे, ती आधीच जायला लागली, पण रोजच्या शंभर कांड्या आता तिच्या वाट्याच्या, जाताना म्हणते, "आज्जी, ऱ्हायलेल्या मी आल्यावर भरतो." गणितात नापास होता होता राहिली.

घर रिकामं झालं तसं सुवर्णानं केस बांधले. आरशात बघितलं. किती दिवसांनी! म्हणाली, "आत्ती, शाळा सुरू झाल्या की बघू म्हणलेते. जाऊन येतो."

मी म्हटलं, "जा. आता निम्मे न्हाईत, सगळे माग चालू हायत."

गेली. आली. उंबऱ्यावरच बसली.

विक्रमशेठनं चहा पाजला म्हणे. मान दिला. आणि म्हणाला, "वैनी, तुमच्या घरात जोडी हाय की! एका घराला एकच जोडी, ही कारखान्याची रीत. दुसरी दिली तर बाकीची घरं मला सोडतील काय? आज्जीच आल्या हुत्या की, घराची जोडी घरात ऱ्हाऊ दे म्हणून. दिली न्हवं मी?"

लिही. का थांबलीस? माझंच आहे ते. 'आज्जीच आल्या होत्या.' लिही.

ती म्हणतेय, "तुमी माझ्यासाठीच गेलता, आत्ती. मला म्हायीत हाय."

माझ्याच बोलण्यानं जोडी तिच्या हातून गेली, हे तिला त्या दिवशीच कळलं होतं. पेन थांबलं होतं तेव्हाच. मला मात्र कळायला सव्वा वर्ष लागलं, आणि मी गल्लीतली शहाणी.

१३ नोव्हेंबर २०२१, शनिवार

काल शिवराज स्वतः विक्रमशेठकडे गेला. म्हणाला, "मी बाजूला होतो. माझ्या जागी हिला उभी करा. मी दुसरं काय तरी बघतो." विक्रमशेठ म्हणाला, "आता दोन पाळ्या केल्यात. रातपाळीला वैनी येनार? पोरांचं दुखलं-खुपलं तर कोण? जोडी नको असंल तर सांग, रांगेत घरं हायत." शिवराज परत आला आणि पाटावर बसून राहिला. सुवर्णानंच त्याला जेवायला वाढलं. तिनंच म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. तुमी सोडू नगासा."

आज मी अंबाजीशेठकडे गेले. म्हटलं, शब्द ज्याचा त्यालाच विचारावा. शेठजी खाटेवर, उशीला टेकून. मला ओळखलं.

"चंपाबाई, बरं झालं गं. शिवराज उभा ऱ्हायला म्हनं मागावर. माझ्या जिवाला घोर हुता."

"कसला घोर, शेठजी?"

"अगं, बाईमानूस किती दिस रेटंल? पन सून गुणाची तुझी. त्यो येईपत्तर जागा धरून ठेवली. शाबास म्हणून सांग तिला."

मी गेले होते भांडायला. काठी उचलून परत फिरले. ज्यानं दार उघडलं म्हणून इतकी वर्षं मी नवरात्रात एक दिवा त्याच्या नावानं लावला, त्यानं दार उघडलंच नव्हतं. फक्त कुणीतरी परत येईपर्यंत फटीत पाय ठेवायला दिला होता.

सुवर्णाला सांगू नये असं ठरवून आले. पण मला लिहिता येत नाही, आणि लिहिणारी तीच. म्हणून सांगितलं. "शाबास म्हणलेत तुला."

तिनं ते लिहिलं. फक्त पेन कागदावर जोरानं दाबल्याचा आवाज आला.

२९ नोव्हेंबर २०२१, सोमवार

परवा सकाळी मी एक काम केलं. जुना चरखा, ज्यावर राणी बसते, तो भंगारवाल्याला देऊन टाकला. तो म्हणाला, "आज्जी, ह्यो चालू हाय की." म्हटलं, "म्हणूनच दिला." राणी शाळेतून आली आणि शोधायला लागली. "आज्जी, माझा चरखा?"

"तुझा न्हवता त्यो. माझा हुता. गणिताचं पुस्तक काढ. न्हाय कळलं तर बापाला विचार."

"पप्पांस्नी येत न्हाय."

"मग बापाला पन शिकव. तुझ्या आईनं शिकवलं की."

शिवराज पाळीवर जायला निघाला होता. चप्पल घालता घालता थांबला, पुन्हा आत आला, आणि जायच्या आधी सगळ्यांना पुरेल असा चहा ठेवला. उतू घालवला थोडा. मी टोमणा मारला नाही. माझी तब्येत बरी नसेल.

आता दुपार आहे, पोरं शाळेत. आम्ही दोघीच. मी बोलतेय, सुवर्णा कांडी भरतेय. एक कांडी झाली की एक ओळ लिहितेय, म्हणून आजचं लिहिणं असं थांबत थांबत चाललंय. सगळ्या गल्लीचा खडखडाट पत्र्यावरून येतोय.

आत्ताच त्यातलं काहीतरी कमी झालं. इतकी वर्षं मला कधी कळलं नाही, आज कळलं. कोपऱ्यातला, डावा. थांबला. म्हटलं, "सुवर्णा, बंद पडला गं. आपला."

तिनं मान वर केली नाही. हात पण थांबला नाही. चरखा फिरत राहिला, सूत सरळ, एकसारखं.

"असंल, आत्ती," म्हणाली. "बघतील ते."

मी कान देऊन बसलेय, माग अजून सुरू झालेला नाही. ती उठली नाही, मीच अर्धी उठले.

हे लिही. कांडी होऊ दे, मग लिही.